नामिबियात कुडू, ओरिक्स, झेब्रा असलं मांस खावं का? उग्र वास येतो का, पोट बिघडेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की चिकन-मटण खाता, पण 'असलं जंगली काहीतरी' म्हटलं की किळस वाटते. तेवढ्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय, नाहीतर मी इथे नुसता वाचत असतो.

खा. बिनधास्त खा. पहिल्यांदा ओरिक्स घ्या, म्हणजे तिथे ज्याला गेम्सबॉक पण म्हणतात तो लांब सरळ शिंगांचा. वास येतो वगैरे सगळं ऐकीव आहे, नीट मारलेल्या आणि वेळेत साफ केलेल्या ओरिक्सला आपल्या बोकडाच्या मटणाइतका पण वास नसतो.

मी कंपनीच्या कामाने विंडहूकला गेलो होतो, काम संपल्यावर मी आणि ऑफिसातला एक मित्र गाडी घेऊन सोसुसव्लेईकडे, म्हणजे लाल वाळूच्या उंच टेकड्या आहेत तिकडे, निघालो, वाटेत एका फार्मवर मुक्काम केला. संध्याकाळी मालकाने अंगणात कॅमलथॉर्नची लाकडं पेटवली, हे झाड आपल्या बाभळीच्या कुळातलं, निखारा लवकर विझतच नाही. जाळ पूर्ण बसेपर्यंत त्याने मांसाला हात लावला नाही. मग ओरिक्सच्या पाठीचा मनगटाएवढा जाड तुकडा, वर फक्त जाडं मीठ आणि मिरी, सगळ्या बाजू तपकिरी झाल्या की उतरवला आणि लगेच न कापता लाकडी फळीवर तसाच ठेवून दिला. नंतर धाग्याला आडवे पातळ काप केले, आत छान गुलाबी. मित्र म्हणाला हे कच्चं आहे, रक्त दिसतंय, अजून भाजा. आता ते रक्त नसतं, मांसातलंच लाल पाणी असतं, पण ऐकतो कोण. मालकाने त्याचा वाटा परत निखाऱ्यावर टाकला, तो झाला कडक, आणि मग रात्रभर हा म्हणत बसला की जंगली मांस चिवट असतं. अरे त्या प्राण्याच्या अंगात चरबीच नाही, बोकडासारखं शिजवत बसलास तर कोरडं पडणारच! मी खाल्लेला तुकडा दातांना त्रास न देता तुटत होता.

कुडू म्हणजे पीळदार शिंगांचा मोठा हरणासारखा प्राणी, त्याचं मांस जरा गडद आणि चवीला जास्त ठसठशीत. स्प्रिंगबॉक त्याहून लहान, हरणासारखाच, त्याच्या मांसाचा धागा बारीक. झेब्रा किंचित गोडसर लागतो. मगर म्हणून जी मिळते ती फार्मवर पाळलेली असते, पांढरं मांस, मला विशेष वाटली नाही. शहामृग पक्षी असला तरी मांस लालच असतं, त्यामुळे चिकन समजून मागवू नका.

दुसऱ्या दिवशी एका छोट्या गावात पेट्रोल भरायला थांबलो, शेजारी खाटकाचं दुकान, आत बिल्टाँगच्या, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या मांसाच्या, पट्ट्या टांगलेल्या. मी आत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. माझं घर लातूरकडचं. आजी चान्या करायची, मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून अंगणात दोरीवर उन्हात वाळवायच्या, डब्यात भरून ठेवायच्या, कालवणाला काही नसेल त्या दिवशी तेलात परतून भाकरीबरोबर. बिल्टाँगला व्हिनेगर लावतात, भरडलेले धणे आणि मिरी लावतात, आणि उन्हात नाही तर सावलीत वाऱ्यावर वाळवतात, एवढाच काय तो फरक. हाच मित्र पुण्यात माझा रूममेट असताना आईने पाठवलेल्या चान्यांचा डबा गॅलरीत ठेवायला लावायचा, वास येतो म्हणून. आणि त्या दुकानात त्याने कुडूच्या बिल्टाँगचं मोठं पाकीट घेतलं, गाडीत चघळत मला सांगतोय की काय भारी आहे, प्रोटीन बघ किती असेल. मी त्याला तिथल्या तिथे विचारलं, मग चान्यांनी काय पाप केलं होतं? तर म्हणे हे वेगळं. काय वेगळं ते अजून सांगितलेलं नाही. गरिबाच्या दोरीवर वाळलं की घाण आणि परदेशात काचेमागे टांगलं की डेलिकसी, हे मला मान्य नाही आणि होणार पण नाही.

प्राणी संपतील अशी काळजी असेल तर वाघ आणि ओरिक्स एका मापाने मोजू नका. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. नामिबियात 1975 च्या कायद्याने शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या अशा जनावरांवर हक्क मिळाला, 1996 मध्ये तसाच हक्क सामाईक जमिनीवरच्या गावकऱ्यांच्या संस्थांनाही मिळाला, आणि जनावर सांभाळण्यात फायदा दिसल्यावर लोकांनी ती सांभाळली. 2024 च्या दुष्काळात तर सरकारनेच 723 जनावरं मारून मांस लोकांत वाटायचं ठरवलं, त्यात 300 झेब्रे होते. आयता पिंजऱ्यातला ब्रॉयलर खाणाऱ्याने, आयुष्यभर मोकळ्यावर चरलेल्या ओरिक्सबद्दल दुसऱ्याला दयेचे धडे देऊ नयेत. हे पण त्या मित्रालाच सांगायचं होतं, गाडीत राहून गेलं.

पोटाचं राहिलंच. रेस्टॉरंट, लॉज, खाटकाचं दुकान इथलं खा, रस्त्याच्या कडेला कोणी हातात धरून विकत असेल ते घेऊ नका. वॉर्टहॉग म्हणजे रानडुकराचाच प्रकार, तो मात्र पूर्ण शिजलेलाच हवा, तिथे गुलाबी चालणार नाही. कार्पाचो, म्हणजे मांसाचे अगदी पातळ काप, कच्चं असतं, गरोदर बाई बरोबर असेल तर तिला देऊ नका. बीफ खात नसाल तर बिल्टाँग घेताना विचारून घ्या, बरंचसं बीफचंच असतं. उत्तरेत एटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या वर गेलात तर परतताना जनावरांच्या रोगांसाठीचं कुंपण लागतं, तिथे गाडी तपासतात, कच्चं मांस जवळ ठेवू नका. आणि बिल्टाँग बॅगेत घालून भारतात आणायच्या भानगडीत पडू नका, परवान्याशिवाय मांस आणता येत नाही. जेवढं खायचं तेवढं तिथेच खा.