तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून पहिल्यांदाच जाताय? माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की मुंबईची नोकरी सोडून गावी आलात, देवगडकडच्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलंय, पण शिक्षकीचा अनुभव नाही, तर हो म्हणावं का आणि मुलांना विचारायचं काय. हो म्हणा. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि सिंधुदुर्गात बारा-तेरा वर्षं हे काम करतोय. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना मुलाचं ऐकून घेण्याआधी समजावून सांगायची घाई होते. तुम्हाला ती सवय नाही, हे चांगलंच आहे.

सकाळी उद्घाटनाच्या आधी पोचा. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं यांत दीड-दोन तास जातात. तेवढ्यात गुणपत्रिका हातात घेऊन निकष वाचून ठेवा. कल्पकता, शास्त्रीय तत्त्व, कारागिरी, उपयोगिता, सादरीकरण असे रकाने असतात. कशाला किती गुण ते त्या वर्षीच्या कागदावर बघा, अंदाजाने चालू नका. प्राथमिक आणि माध्यमिक गट वेगळे असतात, शिक्षकांचं शैक्षणिक साहित्यही वेगळं तपासतात. नात्यातलं मूल किंवा तुमची स्वतःची शाळा तुमच्या गटात असेल, तर सुरुवातीलाच केंद्रप्रमुखांना सांगून तो गट दुसऱ्याला द्या. नंतर कुजबुज झाली की त्रास मुलाला होतो.

पहिली फेरी गुण न देता मारा. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. एका वर्षी दाराशीच दिवे लुकलुकणारं, मोबाइलवर चालणारं शेतीचं मॉडेल होतं. मी भारावलो आणि भरभरून गुण दिले. त्याचा पहिला नंबर आला. जिल्ह्याला तिथल्या परीक्षकांनी विचारलं की ओलावा मोजणारी ही पट्टी नेमकं काय मोजते, आणि तो मुलगा गप्प उभा राहिला. किट आयतं आणलेलं होतं. मी तालुक्यालाच तो प्रश्न विचारला असता तर त्याच्यावर ती वेळ आली नसती, आणि एका दुसऱ्या मुलीची संधी गेली नसती. ते मला अजून लागतं.

पैशाचा भाग इथेच सांगतो. इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत निवड झालेल्या मुलाला मॉडेलसाठी १०,००० रुपये मिळतात. तालुक्याच्या साध्या प्रदर्शनात बहुतेकांचा खर्च घरचा असतो. म्हणून पुठ्ठा आणि खोके बघून गुण कापू नका. कारागिरी म्हणजे वस्तू जे करायला बनवली ते ती करते का, एवढंच.

आता विचारायचं काय. मुलांनी भाषण पाठ केलेलं असतं, अनेकदा इंग्रजीत. मिनिटभर ऐका, मग म्हणा, “आता घरी सांगतोस तसं सांग बघू.” मुलगा मालवणीत बोलायला लागला की खरं काय ते बाहेर येतं. मागे उभे असलेले सर उत्तरं पुरवायला लागले तर त्यांना नम्रपणे म्हणावं, “सर, तुम्ही जरा चहा घेऊन या, आम्ही दोघं बोलतो.” कोणी रागावत नाही. आणि मुलाच्या उंचीला वाकून बोला.

माझे प्रश्न ठरलेले आहेत: हे सुचलं कसं? काय बिघडलं? परत करून बघितलंस का? शेवटचा सगळ्यात कामाचा. दोन मुलांनी तीन पाइपांत जांभ्याची खडी, शेतातली माती आणि किनाऱ्यावरची वाळू भरून एकेक लिटर पाणी किती वेळात खाली येतं ते मोजलं होतं. इथे पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, तर पाणी जातं कुठे, हा त्यांच्या वाडीचाच प्रश्न होता. विषय अस्सल, पण मोजलं एकदाच. विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, अजून दोन तास आहेत, बादली आहे, करा. दुपारी परत गेलो तर पाच-पाच वेळा मोजून तक्ता तयार होता.

सगळ्यात आवडलेला स्टॉल सातवीतल्या एका मुलीचा. टेबलावर लाल-पांढरे पट्टे मारलेली बांबूची काठी, दर पट्टा दहा सेंटिमीटरचा, आणि शाईचे डाग पडलेली शंभर पानी वही. बाकी काही नाही. शेजारी थर्माकोलचा ज्वालामुखी धुमसत होता, सगळी गर्दी तिकडे. तिच्या आजोबांचा भरतीचा हिशेब होता: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरती किती वाजता ते येतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तर सहाला पूर्ण भरती. किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तिने खाडीच्या धक्क्याला काठी बांधून तो खरा की खोटा ते तपासलं होतं.

मी विचारलं, पाऊणपटच का? “भरती रोज पाऊण तास पुढे जाता म्हणान.” अगदी पाऊण तास? तिने पान उलटलं. अमावास्येच्या आसपास चाळीस मिनिटं, अष्टमीजवळ तासाच्याही वर. शिवाय तिच्या धक्क्यावर भरती आजोबांच्या वेळेपेक्षा कायम उशिरा, कारण धक्का खाडीत बराच आत आहे आणि पाणी मुखातून तिथवर यायला वेळ लागतो. मग मी म्हटलं, पाणी वर जाऊन थबकतं तेव्हा नेमकी वेळ कशी कळते? ती म्हणाली, चढताना एका पट्ट्याला लागलं ती वेळ, उतरताना त्याच पट्ट्याला आलं ती वेळ, दोन्हींची मधली काढायची. “पण ती युक्ती सरांची,” हे तिने आपणहून सांगितलं.

तक्त्यात रात्रीचे बरेच रकाने कोरे होते. का, विचारलं. “रातचा आवस जावक देणा नाय.” म्हणजे रात्री आई जाऊ देत नाही. त्या कोऱ्या रकान्यांनीच माझी खात्री पटली. पालकांनी रात्री बसून लिहिलेल्या वहीत कोरा रकाना नसतो.

एक गोष्ट तुमच्या भागात हमखास भेटेल, म्हणून आधीच सांगतो. “लॉकियरने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला” असा तक्ता असतोच. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं. पण ते पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला १८९५ साली सापडला. याचे गुण कापू नका, मुलांनी ते मोठ्यांकडूनच ऐकलेलं असतं. “हे कुठे वाचलंस?” एवढं विचारा आणि तारखा लिहून द्या. मी दिल्या तेव्हा तो मुलगा हिरमुसला नाही, उलट ग्रहण नसताना ते कसं दिसलं म्हणून माझ्या मागेच लागला.

गुण पेनाने लिहा, इतर परीक्षकांशी बोलण्याआधी लिहा. मतं जुळली नाहीत तर तिघांनी मिळून परत त्या स्टॉलवर जा, खोलीत बसून वाद घालू नका. मानधनाची अपेक्षा ठेवू नका. श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि दुपारचं जेवण मिळेल.

आणि निकाल लागल्यावर लगेच एसटी गाठू नका. मुलं स्टॉल आवरत असतात, नंबर न आलेली जास्त शांतपणे आवरतात. तेव्हा प्रत्येकाला पुढे काय करता येईल ते एका वाक्यात सांगा. भरतीवालीचा दुसरा नंबर आला होता. मी तिला म्हटलं, अशीच एक काठी खाडीच्या मुखाशी लाव, एकाच दिवशी दोन्हीकडच्या वेळा घे, म्हणजे पाण्याला आत यायला किती वेळ लागतो ते कळेल. “थंय माजो मामा रवता,” ती म्हणाली, आणि काठी खाली ठेवून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.