बी पेरून झटपट फुलं हवी असतील तर काय लावावं?

तुमचा प्रश्न असा की तयार रोप न आणता, कुंडीत बी पेरून दोनेक महिन्यांत कोणती फुलं येतील. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: झिनिया. बाकीची नावं तिच्यानंतर.

झिनियाचं बी चपटं असतं, चिमटीत सहज येतं. उबदार मातीत चार ते सात दिवसांत कोंब दिसतो आणि ५० ते ७० दिवसांत फूल. बी थेट मोठ्या कुंडीतच पेरा. मुळं हलवलेली तिला आवडत नाहीत, रुसून बसते. पाणी बुडाशी घाला. पानं सारखी ओली राहिली की त्यांवर रोगाचे डाग लवकर पडतात.

दुसरा झेंडू, पण ठेंगणा, लहान फुलांचा. तो ४५ ते ६० दिवसांत फुलतो. मोठ्या गेंदांचा झेंडू त्याहून वेळ घेतो. (लहानाला फ्रेंच म्हणतात, मोठ्याला आफ्रिकन. दोघंही मूळचे मेक्सिकोकडचे!) तिसरा पिवळा-केशरी कॉसमॉस. याला खत घालायचा मोह टाळा. माती फार सकस झाली की नुसती पानंच माजतात. तेरडाही साधारण दोन महिन्यांत फुलतो. बुटकं सूर्यफूल लवकर येतं, पण एका दांड्यावर एकच फूल देणारी जात असेल तर ते ओसरलं की खेळ खलास. म्हणून त्याचं बी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पेरावं.

पहिल्याच खेपेला पेटुनियाच्या वाटेला जाऊ नका. मी गेलो होतो. बी म्हणजे अक्षरशः धूळ, आणि मी त्यावर शहाण्यासारखा बोटभर मातीचा थर दिला. तीन आठवडे रोज वाकून बघत होतो. त्या बीला रुजायला उजेड लागतो, हे नंतर कळलं. सदाफुलीचं नेमकं उलटं, तिला अंधार हवा. आणि रुजली तरी सुरुवातीला ती फार रेंगाळते.

खरं सांगायचं तर उशीर बहुतेक वेळा आपणच करतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पेरायचं, त्याहून खाली नाही. रुजेपर्यंत माती ओलसर हवी, चिखल नको. चिखलात कोवळी रोपं बुडाशी सडून एका रात्रीत आडवी होतात. दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. आणि दाटीने उगवलेली रोपं विरळ करा. उपटताना जिवावर येतं, पण एकमेकांत अडकलेली दहा रोपं मिळून एका मोकळ्या रोपाइतकीही फुलत नाहीत.

राहिला शेंडा खुडण्याचा प्रश्न. झिनिया वीतभर झाली की शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात, फुलं कितीतरी जास्त येतात, पण पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे लांबतं. तुम्हाला घाई आहे, म्हणून मी सांगेन की निम्म्या रोपांचे शेंडे खुडा, निम्मी तशीच सोडा. न खुडलेल्यांची पहिली फुलं सुकायला लागली की ती लगेच काढून टाका, बी धरू देऊ नका. तोवर खुडलेली बहरात आलेली असतील.