काटकोन कोण ठरवतं?

प्रश्न : मी फर्निचरचं काम करतो. गिऱ्हाइकासमोर टॅबवर कपाटाचा आराखडा काढला की अ‍ॅप वाकड्या रेघा आपोआप सरळ करतं. पण मुद्दाम गोलसर ठेवलेला कोपराही काटकोन होऊन बसतो. त्याला कळतं तरी कसं? आणि कागदावरच्या चित्राचा फोटो टाकला तर असं का होत नाही?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर दडलंय. फोटोत नुसती रेघ असते. टॅबवर मात्र पेन कुठून निघालं, कुठे रेंगाळलं, कधी उचललं, हे सगळं वेळेसकट नोंदलं जातं. एक चौकोन काढून बघा. कोपरा आला की हात आपसूक मंदावतो, मग वळतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रँडल डेव्हिस यांच्या गटाने २००१ मध्ये याचाच उपयोग केला : जिथे वेग कमी आणि वळण तीव्र, तो कोपरा. तुम्ही गोलाईवर जपून, सावकाश जात असाल, तर ते मंदावणंच तुमच्या विरोधात जाऊ शकतं.

आकार ओळखायच्या रीती पुष्कळ आहेत. २००७ची ‘वन डॉलर’ नावाची रीत तर शंभरेक ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मावते. रेघेवर सारख्या अंतराने ६४ ठिपके घ्यायचे, आकृती फिरवून, ताणून ठरलेल्या मापात बसवायची आणि साठवलेल्या नमुन्यांशी ताडायची. या ताणण्यामुळे तिला चौरस आणि आयत यांतला फरक कळत नाही. सुताराला हा फरक किती महागात पडेल, हे तुम्हाला सांगायला नको.

मी पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवते आणि मुलांना आधी हाताने कच्चंच काढायला लावते. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स लँडे यांनी संगणक-प्रोग्रॅमच्या स्क्रीनचे आराखडे काढायला ‘सिल्क’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. ते हाताने काढलेली बटणं ओळखायचं, पण रेघा तशाच ओबडधोबड ठेवायचं. चित्र चकचकीत झालं की लोक रंग आणि अक्षरांवर बोलत बसतात, मूळ मांडणी बाजूला राहते. मला हे मनापासून पटतं. गिऱ्हाइकासमोर तुम्हीही आकार सुधारण्याची सोय बंदच ठेवा. कप्पे किती, दार कुठल्या बाजूला उघडणार, हे आधी ठरू दे.

सोय चालू ठेवायचीच असेल, तर गोलाईपाशी पेन उचला आणि कंस वेगळा काढा. सरळ रेघ वेगळी, कंस वेगळा, म्हणजे तिथे कोपरा शोधायचा प्रश्नच उरत नाही.