वाचकांचे प्रश्न : गाथा, असूड आणि मोर्च्याची पत्रके

पर्यावरण, चळवळी आणि श्रद्धा या विषयांवरच्या पुस्तकांबद्दल सातारा-सांगली भागातून आलेली पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

गावच्या एका माहेरवाशिणीने वाचनालयाला २०,००० रुपये दिले. अट एकच : पर्यावरण, चळवळी आणि धर्म यांवरची पुस्तके घ्यायची. आधी कोणती घ्यावीत? आणि ती नोंदवायची कुठे? आमच्याकडे कादंबरी, कथा, चरित्र, धार्मिक, बाल आणि संकीर्ण एवढेच विभाग आहेत. (ग्रंथपाल, तालुका खटाव)

ताईंनी तीन विषय एका दमात सांगितले हे फार चांगले झाले. आपल्या भागात ते एकमेकांपासून सुटे होतच नाहीत.

आधी मूळ ग्रंथ घ्या, मग चळवळींच्या हकिगती, विवेचन सर्वांत शेवटी. गाथा फळीवर नसताना गाथेवरची चार पुस्तके आणून ठेवली, तर वाचकाला ताडून पाहायला काहीच उरत नाही. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ आणि तुकारामांची गाथा या दोन्हींच्या राज्य शासनाच्या आवृत्त्या आहेत आणि त्या स्वस्त पडतात. कोल्हापूर किंवा पुण्याच्या शासकीय ग्रंथागारात मिळतात, पण आवृत्ती संपलेली असू शकते. आधी फोन करा, मगच गाडीभाडे खर्च करा. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) पुष्कळांनी कर्ज आणि सावकारी एवढ्यापुरताच वाचलेला असतो. त्यात जंगलखात्याने गायराने ताब्यात घेतल्याचा संताप आहे, आणि पावसाचे पाणी शिवारातच मुरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याची सूचनाही आहे. खटाव-माणच्या शेतकऱ्याने ती पाने वाचावीत असे आम्हाला मनापासून वाटते. त्याच खंडात ‘सार्वजनिक सत्यधर्म’ आहे. म्हणजे तुमचे तिन्ही विषय एकाच बांधणीत आले.

चळवळींसाठी विनायक भुस्कुटे यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ (मुळशीच्या धरणाविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या लढ्यावरचे) मिळवा. नवी प्रत मिळाली नाही तर पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे नाव नोंदवून ठेवा. इंग्रजी वाचणारे असतील तर हिमालयातल्या झाडे वाचवण्याच्या चिपको चळवळीवर रामचंद्र गुहा यांचे ‘द अनक्वायट वुड्स’ (१९८९) घ्या. गेल ऑम्वेट यांचे ‘रीइन्व्हेंटिंग रिव्होल्यूशन’ (१९९३) तर हवेच : दलित, स्त्रिया, शेतकरी आणि पर्यावरण यांच्या चळवळी त्यात शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आहेत. या बाई अखेरपर्यंत वाळवा तालुक्यातल्या कासेगावला राहिल्या. त्यांनी भारत पाटणकरांसोबत तुकोबांचे अभंगही इंग्रजीत नेले. श्रद्धेच्या बाजूला नरेंद्र दाभोलकर यांचे ‘श्रद्धा-अंधश्रद्धा’ आणि वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ ठेवा. पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल विकत घेऊ नका. तो इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली सातारा जिल्ह्याची तालुकावार पाने छापून बांधून घ्या.

साधारण १२,००० रुपयांची पुस्तके घ्या, २,००० बांधणीला ठेवा आणि बाकीचे ६,००० पुढच्या वर्षासाठी राखा. मार्चअखेर सगळे संपवायच्या घाईत विक्रेता ‘सेट’ गळ्यात मारतो. दहांतली सात पुस्तके मग कोणी उघडत नाही.

आता नोंदणी. ‘संकीर्ण’ विभागात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला एकच क्रमांक आणि फळीवर एकच जागा, हे खरे. कार्डे मात्र तीन करा. ग्रंथवर्गीकरणाच्या ड्युई पद्धतीत सामाजिक चळवळी ३०३.४८४, निसर्गसंपत्तीचे रक्षण ३३३.७, प्रदूषणासारखे प्रश्न ३६३.७ आणि हिंदू धर्म २९४.५ इथे येतात. पुस्तकाची निम्म्याहून जास्त पाने ज्या विषयाची, तिथे मुख्य कार्ड. उरलेल्या दोन ठिकाणी फक्त ‘पाहा’ आणि दाखल क्रमांक. देवराईवरचे पुस्तक ‘धार्मिक’मध्ये शोधणाऱ्या आजोबांना सापडले पाहिजे आणि प्रकल्पासाठी आलेल्या मुलीलाही.

शाळेच्या वृक्षदिंडीत ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ आणि ‘नगरेंचि रचावीं, जळाशयें निर्मावीं, महावनें लावावीं’ असे दोन फलक असतात. एका पालकांनी विचारले, संतांनी खरेच वृक्षारोपण सांगितले आहे का? काय सांगावे? (शिक्षिका, तासगाव)

पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. दोन्ही ओळी मूळ जागी जाऊन वाचा, मुलांसोबतच वाचा.

तुकोबांच्या अभंगाची दुसरी ओळच पुढचा अर्थ उघडते : ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास, नाही गुण दोष अंगा येत.’ आकाशाचा मांडव, पृथ्वीचे आसन, वेळ सांगायला वारा, भोजनाला हरिकथा. शेवटी माणूस स्वतःशीच वाद घालत बसला आहे. झाड लावा असे इथे कुठेच म्हटलेले नाही. झाडे आधीपासून आहेत आणि ती सोयरी आहेत. सोयरे म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेले नातलग. ते आपल्या मालकीचे नसतात, त्यांच्या दारी आपणच जातो. हे मुलांना सांगून पाहा, फलकापेक्षा जास्त काळ लक्षात राहील.

दुसऱ्या ओळीबाबत सावध राहा. ती ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायातली आहे, आणि तिथे विषय आहे रजोगुणाचा. रजोगुण वाढला की माणसाला मोठमोठे उद्योग आरंभण्याचा हव्यास जडतो, कितीही केले तरी पुरेसे वाटत नाही. त्या हव्यासाच्या वर्णनात नगरे, जलाशय आणि महावने येतात. हा उपदेश नाही, लक्षण आहे. सरकारी फलकांवर ती आज्ञा म्हणून छापली जाते, कारण ती कोणीतरी एका फलकावरून दुसऱ्या फलकावर उतरवून घेतलेली असते. ज्ञानेश्वरी झाडांच्या विरोधात आहे असा उलटा अर्थही काढू नका. हजारो रोपे लावून फोटो काढायचे आणि उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नाही, असे जिथे होते तिथे ही ओवी नेमकी लागू पडते.

अभंग शोधताना क्रमांकावर विसंबू नका. शासकीय गाथा, देहू संस्थानची गाथा आणि जोगांची सार्थ गाथा यांचे क्रमांक जुळत नाहीत. पहिल्या चरणावरून, अकारविल्हे सूचीत शोधा.

आमच्या वाचनमंडळात निम्मे माळकरी, निम्मे विवेकवादी. श्रद्धेवरचे पुस्तक निघाले की भांडण, आणि पुढच्या बैठकीला चारच जण. काय करावे? (पाटण)

सुरुवातीचे पुस्तक चुकते. श्रद्धा खरी की खोटी, यावरचे पुस्तक पहिल्या सहा महिन्यांत घेऊच नका. श्रद्धेने लोकांनी नेमके काय केले, ते सांगणारी पुस्तके घ्या. राजस्थानात खेजडली गावी १७३० मध्ये झाडे वाचवताना बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले. त्यांच्या पंथाच्या २९ नियमांत हिरवे झाड न तोडण्याचा नियम आहे. मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये रामनवमीला सुरू झाला. चिपकोच्या काळात गढवालातल्या अडवाणीच्या जंगलात झाडांना राख्या बांधल्या गेल्या आणि भागवतकथा लावली गेली. या तीन प्रसंगांवर माळकरी आणि विवेकवादी दोघांनाही बोलायला भरपूर आहे, आणि कोण कुठे बसेल ते आधी सांगता येत नाही.

मंडळ आठ ते बारा जणांचे ठेवा. पंधरा दिवसांत ३० ते ४० पाने, त्याहून जास्त नको. बैठक दीड तासाची. पहिली वीस मिनिटे कोणीतरी मोठ्याने वाचायचे, कारण निम्म्यांनी घरी वाचलेले नसते आणि ते लपवण्यासाठीच आवाज चढतो. मग तीनच प्रश्न : लेखकाचे म्हणणे काय, त्याने पुरावा काय दिला, आणि आपल्या शिवारात त्याला धरून किंवा त्याविरुद्ध काय दिसते. बोलणाऱ्याने पान क्रमांक सांगून बोलायचे. या एका नियमाने बराच गोंगाट कमी होतो. एकादशी टाळा, आणि ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची आहे तो आठवडाही टाळा.

सहा महिन्यांनी दाभोलकर घ्या. त्यांचे पुस्तक आणि गाथेतले ढोंगावर प्रहार करणारे अभंग एकाच बैठकीत वाचा.

नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजण्याच्या वादावर मुलांना काय वाचायला द्यावे? घरात दोन्ही बाजू आहेत. (शिराळा)

कायदाच वाचायला द्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणे, सापळा लावणे हेही येते. म्हणून ‘आम्ही मारत नाही, पूजा करून सोडतो’ हे म्हणणे न्यायालयात टिकले नाही. त्यासोबत सापांवरचे एखादे सोपे मराठी पुस्तक द्या, म्हणजे नाग मांसाहारी असतो, दूध त्याचे अन्न नव्हे, तहानलेला ठेवला तरच तो ते पितो, हे कळेल. आणि पाटावर काढलेल्या किंवा मातीच्या नागाची पूजा आपल्या घराघरांत पूर्वीपासून आहे, याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचे लक्ष वेधा.

आजोबांच्या ट्रंकेत मोर्च्यांची, पाणी परिषदांची आणि सत्यशोधक जलशांची पत्रके, काही पोथ्या आणि वह्या आहेत. २०१९ च्या पुरात खालचा थर भिजला होता. तारखा बहुतेकांवर नाहीत. जपायचे कसे, आणि काळ कसा ओळखायचा? (मिरज)

आधी हे सांगतो : काहीही फेकू नका आणि लॅमिनेशन करू नका. उष्णतेने कागद कायमचा अडकतो, परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरे खातो.

बुरशी वाळलेली असेल तर मास्क लावून, उघड्यावर पण सावलीत, मऊ ब्रशने ती आपल्यापासून दूर झटका. उन्हात घालायचा मोह आवरा, स्वस्त कागद आणि शाई दोन्ही उन्हाने जातात. गंजलेली टाचणी ओढू नका. टाचणीच्या पायाखाली पातळ पुठ्ठा सरकवा, पाय बोथट टोकाने उचला, मग काढा. चिकटलेली पाने कोरडी असताना सुटत नसतील तर तशीच राहू द्या आणि जाणकाराला दाखवा.

पुन्हा पूर आलाच, तर पहिले ४८ तास महत्त्वाचे. त्यानंतर बुरशी धरते. पंख्याखाली उभे ठेवून दर १५-२० पानांमध्ये टीपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. गठ्ठा मोठा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोल गोठवणीत ठेवा आणि सवडीने थोडेथोडे वाळवा. बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज चालणार नाही, तिथले तापमान शून्याच्या वर असते; बुरशीचा वेग कमी होईल, पण ती थांबणार नाही. आईस्क्रीमवाल्याचा फ्रीजर चालेल.

काळ ओळखायला पत्रकाचा तळ पाहा. छापखान्याचे नाव आणि गाव छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते, त्यामुळे ती बारीक ओळ बहुधा असतेच. पत्त्यात ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर पत्रक १९४९ ते १९६० मधले, कारण त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते आणि १९६० मध्ये जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचे, ‘न. पै.’ (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४. सहा आकडी पिनकोड दिसला तर १९७२ नंतरचे. आपल्या गावाबद्दल जुन्या गॅझेटियरमध्ये शोधतानाही हेच ध्यानात ठेवा. वाळव्याची माहिती १८८५ च्या सातारा खंडात मिळेल.

ठेवण्यासाठी नवी पेटी नको. ज्या पोथ्या भिजल्या नाहीत त्या कशात गुंडाळल्या आहेत ते पाहा : सुती बासनात. तेच कापड घ्या, पण दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण खळीवर कसर येते. पत्रके घड्या उलगडून, सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून बासनात बांधा आणि जमिनीपासून जितके उंच ठेवता येईल तितके ठेवा. पोथ्या, पत्रके आणि वह्या वेगळ्या करू नका. आजोबांनी त्या ज्या क्रमाने ठेवल्या होत्या, तो क्रम आधी फोनवर टिपून घ्या. जलशाच्या पत्रकामागे अभंग उतरवलेला असेल, तर दोन्ही बाजूंचे फोटो एकाच क्रमांकाखाली नोंदवा.