सुटकेस पलंगाखाली मावते का?

मागच्या अंकात मी जहाजावरच्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं प्रवाशांच्या बाजूची निघाली. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी मूळचा मालवणचा. 24 वर्षं प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये काढली. केबिन स्टुअर्ड म्हणून चढलो आणि असिस्टंट चीफ हाउसकीपर म्हणून उतरलो. त्यामुळे माझी उत्तरं ही केबिनच्या दाराशी उभं राहून दिलेली उत्तरं आहेत.

प्रश्न : मी इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी 'नवं आलिशान क्रूझ जहाज' हा विषय घेतलाय. जिथे बघावं तिथे घसरगुंड्या, थिएटरं आणि काचेचे पूलच दिसतात. प्रवाशांना खरंच काय हवं असतं?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : घसरगुंड्याही हव्या असतात, त्यात खोटं काही नाही. 2024 साली सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या जहाजाचं तिकीट मुलाबाळांची कुटुंबं त्यासाठीच काढतात. पण आलिशान म्हणवणाऱ्या जहाजावर दहा-बारा रात्री राहणाऱ्या माणसाचं मागणं तिसऱ्या दिवसापासून बदलतं. पहिल्या दिवशी तो लॉबीतलं झुंबर बघतो. तिसऱ्या दिवशी मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारतो, "पोहण्याचे ओले कपडे वाळत कुठे घालू?"

तुला एक प्रसंग सांगतो. आमच्या कंपनीने एक नवं जहाज बांधायला घेतलं होतं. हल्ली केबिन जहाजात बसून बांधत नाहीत. कारखान्यात बाथरूम, कपाट, दिवे यांसकट अख्खा डबा तयार होतो आणि तो जहाजाच्या सांगाड्यात सरकवतात. त्यामुळे नमुन्यात एक चूक राहिली की ती हजार केबिनमध्ये राहते. म्हणून आधी एक नमुना केबिन उभी करतात. ती बघायला आम्हा हाउसकीपिंगच्या चौघांना बोलावलं होतं. डिझाइनरनी गालिचा दाखवला, भिंतीचा रंग दाखवला. आमच्या सुपरवायझर बाई फिलिपिन्सच्या. त्यांनी येताना दोन मोठ्या सुटकेस बरोबर आणल्या होत्या. त्या त्यांनी पलंगाखाली सारल्या. एक गेली. दुसरी चाकांपाशी अडकली, जेमतेम दोन बोटांनी. बाई काहीच बोलल्या नाहीत. ती सुटकेस तशीच अर्धी बाहेर ठेवली आणि पलंगावरून बाथरूमपर्यंत अंधारात चालल्यासारखं चालून दाखवलं. नडगीला लागलं. पलंगाची उंची वाढवली गेली.

तुझ्या प्रकल्पात हे असू दे. दोन मोठ्या सुटकेस पलंगाखाली गेल्याच पाहिजेत. बाथरूममध्ये खुंट्या हव्यात, त्याही दोन नव्हे, सहा. उशीपाशी दोन्ही बाजूंना प्लग हवा, कारण बरेच जण हल्ली रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपतात आणि मोबाईल तर सगळ्यांचेच असतात. वाचायचा दिवा असा हवा की शेजारच्याची झोप मोडू नये. न्हाणीला पडदा लावू नकोस, दरवाजा दे. पडदा अंगाला चिकटतो आणि पाणी बाहेर जातं, मग बाथरूमची फरशी निसरडी होते. जहाज डोलत असताना निसरड्या फरशीवर पडलेली माणसं मी उचलली आहेत, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय. धरायची दांडी तरण्या प्रवाशांच्या केबिनमध्येही असू दे.

आणि शांतता. केबिनच्या डोक्यावर दुसरी केबिनच असावी. वर मुदपाकखाना आला की पहाटे चारपासून ढकलगाड्यांची घरघर सुरू. वर डेक आला की सहा वाजता आरामखुर्च्या ओढल्याचा आवाज. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत खाण्यापेक्षा आवाजाच्या जास्त असायच्या. यंत्रांची थरथर पूर्वी मागच्या बाजूला फार जाणवे. 1998 च्या 'इलेशन'पासून क्रूझ जहाजांना पॉड आले, म्हणजे मोटर आणि जहाजाला ढकलणारा पंखा एकत्र बसवलेली, जहाजाच्या बुडाखाली फिरणारी शेंग. त्याने खूप फरक पडला.

आता जागा. यासाठी एक सोपा हिशेब आहे, तो वहीत लिहून ठेव. जहाजाचं ग्रॉस टनेज घ्यायचं (हे वजन नाही बरं का, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे) आणि त्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचं. केबिनमागे दोघे धरून 'आयकॉन ऑफ द सीज'चे प्रवासी 5,610 आणि टनेज 2,48,663, म्हणजे माणशी साधारण 44. 'सिल्व्हर नोव्हा' हे 2023 चं जहाज त्यापुढे लहानसं, 54,700 टनेजचं, पण प्रवासी फक्त 728. माणशी 75. आपल्या मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून जी 'एम्प्रेस' सुटते, ती 1990 ची बांधणी. तिचा आकडा तिशीच्या आसपास येतो. न्याहारीच्या रांगेत, लिफ्टपाशी, पूलच्या कडेला हा आकडा अंगाला कळतो. जहाज मोठं म्हणजे ऐसपैस, ही समजूत तुझ्या परीक्षकांचीही असेल. त्यांना हा हिशेब करून दाखव.

बाल्कनीबद्दल तू विचारलं नाहीस, पण एक सांगतो. 1984 साली 'रॉयल प्रिन्सेस' जहाज आलं. त्यात एकही आतली केबिन नव्हती, सगळ्यांना समुद्र दिसायचा, आणि वरच्या बऱ्याच केबिनना बाल्कनी होती. तोवर बाल्कनी म्हणजे अगदी मोजक्या सूटचं वैभव. आज नव्या आलिशान जहाजावर ती प्रत्येक केबिनला असते. तेव्हा तू बाल्कनी आहे की नाही ते सोड, ती खोल किती ते बघ. दोन खुर्च्या ठेवल्यावर गुडघे कठड्याला लागत असतील तर प्रवासी तिथे एकदा फोटो काढतो आणि परत जात नाही. संध्याकाळी फिरताना मी पाहायचो, खोल बाल्कनीतली माणसं अंधार पडला तरी बसून असायची.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, वय 68 आणि 73. यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, काठी लागते. न्यू जर्सीचा मुलगा आम्हाला एका अगदी नव्या जहाजावर नेणार म्हणतो. मला एसटीतसुद्धा लागतं. जावं का?
– वाचक, सातारा

उत्तर : जा बाई, जरूर जा. फक्त केबिन मुलाला निवडू देऊ नका, तुम्ही सांगा.

बोट लागण्याचं म्हणाल तर एसटीचाच अनुभव लावा. मागच्या सीटवर जास्त आदळतं ना, तसंच जहाजाच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त डोलतं. लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. नव्या जहाजांना दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्याने आडवं डोलणं पुष्कळ कमी होतं. पुढच्या-मागच्या हेलकाव्यावर त्यांचा फारसा इलाज नाही, म्हणून मधोमध.

लिफ्टपासून पाच-सहा दारं लांब घ्या. अगदी लिफ्टलगत घेतली तर रात्रभर बोलणी ऐकू येतात, फार लांब घेतली तर यजमानांची दमछाक. मोठ्या जहाजांची लांबी 300 मीटरच्या पुढे असते, म्हणजे जेवायला जाऊन येणं हाच एक फेरफटका होतो. बुकिंग करताना विचारा, बाथरूमला उंबरठा आहे का. साध्या केबिनमध्ये बऱ्याचदा वितीएवढा उंबरठा असतो, आणि काठीवाल्या माणसाला तोच नडतो. व्हीलचेअरसाठीच्या केबिनमध्ये तो नसतो आणि दारही रुंद असतं. त्या थोड्याच असतात आणि लवकर संपतात.

आणखी एक गोष्ट मुलाला कळणार नाही. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि लहान होडीने किनाऱ्यावर नेतात. वेळापत्रकात 'टेंडर' असं लिहिलेलं असतं. लाटा असल्या की त्या होडीत पाय टाकणं धडधाकट माणसालाही अवघड. ज्या सफरीत टेंडरची बंदरं कमीत कमी आहेत ती घ्या.

चालायची सवय असेल तर जहाजाभोवती अखंड फेरी मारता येणारा डेक आहे का बघा. 'क्वीन मेरी 2'वर तसा आहे; तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटर होतात. नव्या जहाजांत ही जागा बरेचदा रेस्टॉरंटांनी खाल्लेली असते. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. सकाळी सहा वाजता त्या डेकवर वयस्कर जोडपी हातात हात घालून फिरायची. पैसे वसूल झाल्याचं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

सुरक्षा कवायत अजिबात चुकवू नका. जानेवारी 2012 मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवं झालं, तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती घेणं सक्तीचं झालं. यजमानांना जिने चढायला मदत लागेल हे त्याच वेळी सांगून यादीत नाव घाला.

प्रश्न : आम्ही जैन. परदेशी जहाजावर खाण्याचं काय? आणि चहाची किटली नेता येते का?
– वाचक, नाशिक

उत्तर : किटली नेऊ नका. आगीच्या भीतीने किटली आणि इस्त्री चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. ब्रिटिश प्रवाशांसाठीच्या जहाजांवर किटली केबिनमध्येच ठेवलेली असते.

जेवणाचं बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य डायनिंग रूमच्या मेत्र-दी म्हणजे प्रमुखाला भेटा. 'जैन' शब्दावर थांबू नका. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, असं एकेक नाव सांगा. बहुतेक ठिकाणी तो आदल्या रात्री उद्याची यादी दाखवतो आणि तुमचं ताट वेगळं करवून घेतो. मुदपाकखान्यात आपल्याकडचा कुणीतरी हमखास असतो. त्याच्यापर्यंत निरोप गेला की डाळ-भाताची चिंता मिटली.

प्रश्न : मी 54 वर्षांची, एकटी प्रवास करते. एकटीला दोघांचे पैसे का?
– वाचक, ठाणे

उत्तर : कारण दर माणशी सांगतात, पण केबिन दोघांची धरलेली असते. ही जुनी खोड आहे आणि ती मला कधीच पटली नाही. 2010 च्या 'नॉर्वेजियन एपिक'वर एकट्यांसाठी 128 छोट्या केबिन केल्या. 'क्वीन मेरी 2'वरही 2016 च्या दुरुस्तीत 15 एकट्या केबिन आल्या. अशा केबिन सगळ्यात आधी भरतात, त्यामुळे वर्षभर आधी बघा. आलिशान जहाजांवर काही सफरींना एकट्याचा जादा आकार कमी करतात, तेही विचारा. आणि ताई, जेवायला एकटीला कोपऱ्यात बसवलं तर मोठं टेबल मागून घ्या. माझ्या अनुभवात एकट्या आलेल्या बायकांचं गोतावळ्याचं टेबल सगळ्यात उशिरा उठायचं.

प्रश्न : माझा मुलगा नव्या आलिशान जहाजावर केबिन स्टुअर्ड म्हणून जातोय. एजंट दीड लाख मागतो. जहाज आलिशान आहे, तर पोराची राहण्याची सोय चांगली असेल ना?
– एक आई, कुडाळ

उत्तर : वहिनी, आधी पैशांचं. नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेणं बेकायदा आहे. 2013 पासून लागू असलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आणि वैद्यकीय तपासणी एवढाच खर्च मुलाच्या माथी येऊ शकतो. व्हिसाचाही खर्च मालकाचा. भारतानेही 2015 साली हा करार स्वीकारला. एजंटला त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, विचारा आणि तो डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या यादीत आहे का हे कुणाकडून तरी तपासून घ्या. नंबर दिला नाही तर एक रुपया देऊ नका. माझ्या गावातल्या एका पोराच्या आईने गळ्यातलं मोडून पैसे दिले होते, आणि जहाज आलंच नाही.

राहण्याचं म्हणाल तर खोली दोघांची, एकावर एक बंक. नियमाने दोघांना मिळून किमान 7.5 चौरस मीटर. खिडकी नसते. 24 तासांत किमान 10 तास विश्रांती द्यावीच लागते, ते तास त्याने रोज स्वतः लिहून ठेवावेत. सही करायला कागद पुढे आला तर आपल्या वहीशी ताडून मगच करावी.

प्रवाशांना काय हवं असं वरच्या मुलीने विचारलंय, त्याचं अर्धं उत्तर तुमच्या पोराच्या झोपेत आहे. एका जहाजावर माझ्याकडे 18 केबिन होत्या, पुढे दुसऱ्यावर 12 मिळाल्या. 12 होत्या तेव्हा मला कोण डाव्या कुशीवर झोपतं, कुणाला दोन उशा लागतात हे पाठ होतं. 18 होत्या तेव्हा मी फक्त चादरी बदलत होतो. प्रवासी जाताना हात धरून आभार मानायचे ते त्या 12 वाल्या जहाजावर.

त्याच्या बॅगेत चार लोहचुंबकाच्या खुंट्या घाला. जहाजाच्या भिंती पोलादाच्या, त्यावर त्या घट्ट बसतात आणि युनिफॉर्म लटकवता येतो. आणि कपड्यांचे पाच-सहा चिमटे द्या. बंकला पडदा असतो, पण तो कडेला उघडा राहतो, आणि जोडीदाराची पाळी संपली की त्याचा दिवा रात्री दोनला लागतो. चिमट्यांनी पडदा बंद करून घेतला की पोरगा सकाळपर्यंत झोपेल.