कॅनपीवर पाण्याचा फुगा होतोय, काय करू?

प्रश्न: सर, आम्ही कॅम्पर ट्रेलर (गाडीमागं ओढायची, मुक्कामाची सोय असलेली गाडी) घेतलाय, जांबोटीकडं पाहुण्यांच्या शेतात लावतो. कॅनपीला, म्हणजे ट्रेलरला लावून ताणायच्या कापडी छताला, जाळीची खोली जोडलीय पण पाऊस आला की मधे पाणी साचून कापड लोंबतंय आणि खालनं डास शिरतात ते वेगळंच. कापड ट्रेलरवरच्या खाचेच्या पट्टीत सरकवताना तर आम्ही दोघं घामाघूम!
— एक वाचक, खानापूर

उत्तर: अहो, चारी खांब एका उंचीला लावलेत ना? तिथंच चुकतंय बघा. पुढचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली घ्या, म्हणजे पाणी त्या कोपऱ्यातनं धारेनं पडतंय, साचत नाही. खानापूरचा पाऊस म्हणजे काय सांगायचं, एकदा छताच्या पोटात पाणी भरलं की कापड फाटतंय नाहीतर खांब वाकतोय. पट्टीच्या खाचेत आधी ओल्या फडक्यानं माती पुसा मग मेणबत्ती घासा, एकानं कापड तोंडाशी सरळ धरायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं, आडवं ओढलं की अडकलंच समजा.

डासांचं म्हणाल तर जाळीचा खालचा पदर आत दुमडून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा. जांभ्या दगडात खुंट्या घुसत नाहीत, तिथंही पिशव्याच. वारं सुटलं तर मात्र हट्ट नको, कॅनपी गुंडाळाच.

आणि जाळीची खोली झाकून आत शेगडी पेटवू नका हं, धूर नसला तरी विषारी वायू साठतो. ओलं कापड घरी आणलं तर त्याच दिवशी वाळत घाला, बुरशीचे काळे ठिपके मग जात नाहीत.