आयसीयूत नुसतं सॅनिटायझर पुरतं का, आणि हातमोज्यांचं काय?

सासरे आयसीयूत आहेत, तिथल्या सिस्टर साबणाने हात न धुता बाटलीतलं काहीतरी चोळून पुढच्या खाटेकडे जातात, हातमोजेही दर वेळी घालत नाहीत, तर तक्रार करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी आयसीयूत आणि नंतर इन्फेक्शन कंट्रोलमध्ये काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

चोळण्याबद्दल तक्रार करू नका. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं हँडरब साबणापेक्षा जास्त जंतू मारतं. त्याला २० ते ३० सेकंद पुरतात; साबणाने नीट धुवून पुसायचे तर ४० ते ६०. शिवाय बेसिन कोपऱ्यात आणि रुग्ण इथे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोलचे डॉक्टर दिदिए पिते यांच्या टीमने १९९४ नंतर खाटेजवळच हँडरब ठेवून मोहीम चालवली. तीन-चार वर्षांत हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात होणारे संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. साबण-पाणी हवंच ते हाताला रक्त, विष्ठा, उलटी लागली तर, किंवा रुग्णाला सी. डिफ या आतड्यातल्या जंतूमुळे जुलाब होत असतील तर. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते धुवूनच काढावे लागतात.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते हात कधी स्वच्छ होतात याकडे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा सांगितल्यात: रुग्णाला हात लावण्याआधी, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) हाताळण्यासारख्या कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावरचे हात बहुतेक जण धुतात, कारण तिथे स्वतःची भीती असते. आधीचे राहतात. त्यातही लाईनला हात लावण्याआधीचे राहिले तर जंतू थेट रक्तात जाण्याची वाट मोकळी होते. पाचवी वेळ तर कुणाच्या खिजगणतीतच नसते: मॉनिटरचं बटण, खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड. ॲसिनेटोबॅक्टरसारखा आयसीयूतला खमका जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. रुग्णाला शिवलंच नाही, नुसतं मशीन बघितलं, तरी हात चोळायलाच हवेत.

आता हातमोजे. नातेवाइकांना त्यांचा फार धीर वाटतो, मला मात्र तेच जास्त धोक्याचे वाटतात. रक्त, लघवी, जखम यांच्याशी संबंध येणार असेल तर हवेतच. पण मोजे चढवले की माणसाला हात स्वच्छच आहेत असं वाटू लागतं आणि त्याच मोज्यांनी फाईल, फोन, शेजारची खाट असा फेरा होतो. मोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात, काढताना हात खराब होतात, म्हणून काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात. तेच मोजे घालून कुणी दुसऱ्या रुग्णाकडे जाताना दिसलं, तर तिथे जरूर बोला.

बोलायचं कसं? आवाज चढवून नको. "सिस्टर, लाईनला हात लावायच्या आधी हँडरब घेता का?" एवढं पुरतं. चांगली सिस्टर रागवत नाही. मोठे डॉक्टर राउंडला आले की नातेवाइकांची जीभ टाळ्याला चिकटते, पण नियम त्यांनाही तोच आहे, आणि खरं सांगायचं तर राउंडमध्येच तो जास्त मोडतो.

आणि तुमचे स्वतःचे हात? भेटायला जाताना अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, मनगटाचा गंडा काढून ठेवा. त्याखाली हँडरब पोचत नाही. तळहात भरून घ्या आणि पूर्ण सुकेपर्यंत चोळा. बोटांची टोकं आणि अंगठे हमखास राहतात, नेमके तेच सगळीकडे लागतात. मग मोबाईल खिशातच राहू द्या. आत शिरताना चोळलं, मग व्हॉट्सॲप उघडलं आणि त्याच हाताने सासऱ्यांचा हात धरला, तर काही उपयोग नाही. निघताना पुन्हा चोळा, कारण बाहेर पडून तुम्ही लिफ्टचं बटण दाबणार आहात. घरी लहान मूल असेल तर हे आणखी पाळा.

आणखी एक, आज गेलात की खाटेजवळची बाटली दाबून बघा. ती रिकामी असेल तर सिस्टरवर चिडू नका, इन-चार्ज सिस्टरना सांगा. दुसऱ्या दिवशीही रिकामीच दिसली, तर मात्र लेखी द्या.